नळीतून जाईल इतकं पातळ

14 फेब्रुवारी, राख बुधवार
संध्याकाळची उपासना. कपाळावरची राख तशीच घेऊन भाजीला गेले. भाजीवाली म्हणाली, "बाई, काहीतरी लागलंय तुम्हाला." पुसलं नाही. हात मात्र सारखा तिकडे जात होता.
महिला मंडळाचं ठरलं. उपासकाळात दर शनिवारी परळला, पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी. जबाबदारी माझ्यावर. "सिस्टर, तुमची सगळी नोकरी तिकडेच गेली." पैसे मंडळीतलेच एक गृहस्थ देणार. नाव कुठेही नको म्हणाले. पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, बॅनर मात्र असावा, लोकांना कळतं.

17 शनिवार
डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मार्ग. खिचडी बघता बघता संपली. फोटो त्याहून जास्त निघाले.
बोर्जिस गोव्याकडचे. टाटात कॅन्सरचे सर्जन होते, 1969 साली गेले. त्यांच्या नावाच्या पाटीखाली आमचा बॅनर. पाटी लहान, बॅनर मोठा.
जालन्याकडचा एक माणूस. बायको पथारीवर, नाकात नळी. त्याने ताट घेतलं नाही. "वरचं पाणी तेवढं द्या." खिचडीला वरचं पाणी नसतं.

18 रविवार
उपदेशात लक्ष नव्हतं. वरचं पाणी.
डिस्चार्जच्या कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. मिक्सरमधून काढून, गाळून, दर दोन तासांनी. फुटपाथला प्लग नसतो.

19 सोमवार, शिवजयंती
खाली ढोलताशा. वर माझा मिक्सर. मऊ भात, मूगडाळ, गाजर, चमचाभर तूप. आधी पिठाच्या चाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून. जुनी सिरिंज सापडली, तिच्यातून सोडून पाहिलं. अडकलं. आणखी पाणी. गेलं.
शेजारच्या वहिनी दारात. "कोण आजारी?" म्हटलं, ओळखीचं नाही कुणी.

23 शुक्रवार
कमिटीची बैठक. खिचडी शंभर-सव्वाशे जणांना पुरते, नळीचं जेवण आठ-दहा जणांना. "अहवालात आकडा दिसायला हवा, बाई." मी गप्प बसणार होते. बसले नाही.
पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही करू. ते नेहमी दोन्ही करू म्हणतात.

24 शनिवार
प्लगसाठी दारोदार. चहावाल्याचा मीटर त्याचा नाही. औषधाच्या दुकानात मालक नाहीत. लॉजच्या मॅनेजरने मिक्सरकडे बघितलं, मग माझ्याकडे. याच रस्त्यावर पांढऱ्या साडीत चालायचे तेव्हा लोक बाजूला व्हायचे.
शेवटी लालबागच्या बाजूला, चाळीच्या तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाचं ऑफिस. पोरं कॅरम खेळत होती. एकाने मान वर करून एवढंच विचारलं, "किती वॅट?"
दुपारी जालन्याच्या बाईच्या पोटात पहिल्यांदा अन्न म्हणावं असं काही गेलं. नवऱ्याला दाखवलं: डोकं उंच, सिरिंज हळू, नंतर कोमट पाणी सोडायचं म्हणजे नळी बुजत नाही, अर्धा तास आडवं करायचं नाही. दोनदा सांगावं लागलं नाही.

25 रविवार
एकजण म्हणाले, ऐकलं ते खरं का? गणपतीच्या तसबिरीखाली?
प्लग तसबिरीखालीच आहे.

27 मंगळवार
11 मार्चला महिला मंडळात पंडिता रमाबाईंवर बोलायचंय. विषय मीच सुचवला होता, तेव्हा सोपा वाटला. 1889 सालच्या 11 मार्चला त्यांनी शारदा सदन काढलं ते इथेच, चौपाटीकडे. पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे नंतरच्या आनंदीबाई कर्वे.
वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्या कर्व्यांची? ती तुमच्या शाळेतली?" बराच वेळ बघत राहिल्या.

1 मार्च, शुक्रवार
जागतिक प्रार्थना दिन. यंदाची उपासना पॅलेस्टाईनच्या ख्रिस्ती बायकांनी लिहिलेली. वाचताना दोघींचा आवाज गेला. नंतर चहा, वेफर्स. खजिनदार बाजूला घेऊन म्हणाले, देणगीदार नाराज आहेत.

3 रविवार
देणगी बंद. कारण तसबीर. बॅनर मंडळाच्या भिंतीवर लावायला पोरांची हरकत नव्हती, देणगीदारांची होती.
"ईस्टरपर्यंत कसंतरी रेटा," खजिनदार. कसंतरी म्हणजे कसं, ते नाही सांगितलं.

5 मंगळवार
रमाबाई. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं होतं. ती मुदत 1898 साली सरली. तोवर दुष्काळातल्या मुली केडगावात येऊन ठेपलेल्या. 1896-97 चा दुष्काळ, पाठोपाठ 1900 चा. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनात तोंडं दोन हजारांच्या घरात, बांधलेला पैसा शून्य. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलेलं होतं. हजारो अनाथ सांभाळले आणि पैसे माणसांकडे नाही, देवाकडेच मागितले, असा म्युलरचा लौकिक. रमाबाईंनीही तेच धरलं.
ठीक. मीही कुणाकडे मागणार नाही.

6 बुधवार
तांदूळ पाच किलोच्या आत. मूगडाळ बरी आहे.
रात्री उठून पुन्हा वाचलं. मुक्तीतून पत्रक निघायचं, 'मुक्ती प्रेअर बेल'. परदेशात जायचं. किती मुली आल्या, काय झालं, सगळं त्यात. म्युलरही दरवर्षी अहवाल छापायचा. म्हणजे हात पसरायचा नाही, पण हकिकत लपवायचीही नाही. मला हे जमेल असं वाटत नाही. माझं न मागणं वेगळं आहे. मागायला गेलं की समोरचा नाही म्हणू शकतो, त्या लॉजवाल्यासारखा. मला ते नकोय.
हे 11 तारखेला बोलावं का?

8 शुक्रवार, महाशिवरात्र
वहिनींकडून साबुदाण्याची खिचडी, रताळं. खाल्लं. त्यांनी विचारलं, तुमचाही उपास चालू ना? म्हटलं, हो, पण आमच्यात हे चालतं.

9 शनिवार
मंडळाचा पोरगा, किती वॅटवाला, म्हणाला, "सिस्टर, पिशवी हलकी दिसते." मी काही बोलले नाही. तो माळ्यावर चढला. माघी गणपतीच्या भंडाऱ्याचा उरलेला तांदूळ, न फोडलेलं पोतं. मूगडाळही.
"पावती लागेल?"
म्हटलं, आम्हालाच द्यावी लागेल ना. तो हसला. "कशाला? सामान मंडळाचं, मंडळाच्या ऑफिसात शिजतंय."
खरंच आहे. आमचं त्यात काय होतं, मिक्सर सोडून?

10 रविवार
प्रसादाचा तांदूळ! अर्धी मंडळी देवळाबाहेर उन्हात उभी. एकाने पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, अध्याय आठ, मूर्तींपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दलचा. दुसऱ्याने तोच अध्याय काढला. दोघांनाही हवं ते सापडलं.
पाळकसाहेबांनी विचारलं, "पोतं शिवलेलं होतं?" होतं. "मग तो अजून वाण्याचा तांदूळ आहे." कधी कधी बरे बोलतात.

11 सोमवार
भाषण. आधी चौपाटीवर जाऊन आले. विल्सन कॉलेजची ही इमारत शारदा सदनाच्याच वर्षाची, 1889. रमाबाई तेव्हा तिशीतल्या, नवरा जाऊन सात वर्षं, पदरी मनोरमा. मायदेशात आपले म्हणावेत असे थोडे. हिंदूंना त्या ख्रिस्ती म्हणून नकोशा, ख्रिस्त्यांना पुरेशा ख्रिस्ती वाटत नाहीत म्हणून खटकायच्या.
बोलले बरं. पत्रकाचंही बोलले. श्रद्धेची माणसं हिशेब ठेवत नाहीत हे खोटं आहे, असं म्हटलं. मुक्तीत विहिरी खणल्या, छापखाना चालवला, मुली विणकाम शिकल्या. पाण्यासाठी प्रार्थना होत होती तेव्हा कुदळ खाली ठेवलेली नव्हती.
मग टिळकांवर घसरले. नारायण वामन टिळक. 1895 साली इथे मुंबईतच बाप्तिस्मा. 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार'. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला, मुंबईतच वारले. म्हटलं, पुरुष पगार सोडतो आणि देवावर भिस्त ठेवतो, त्या दिवशी पिठाच्या डब्यात हात घालून बघणारी बाई घरात असते. लक्ष्मीबाईंना विचारा. बायका हसल्या. एक जण अजिबात हसली नाही. तिचा नवरा सुवार्तिक आहे, पगार नाही.
तिच्याशी नंतर बोलायला हवं होतं. ती लवकर निघाली.

14 गुरुवार
दादर. हिंदू कॉलनीकडची गाडगे महाराजांची धर्मशाळा. तिथे कॅन्सरचे पेशंट राहतात. जालन्यावाल्याचं नाव घालावं म्हणून. रांग आहे, आज जागा नाही, पुढच्या आठवड्यात बघू. बोलणं साधं, उगाच आशा लावली नाही.
गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, स्वतः एकीतही खोली ठेवली नाही. आमच्या देवळात देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मोजत बसले तर प्रवचन संपतं.

16 शनिवार
जालन्याची बाई सिरिंज स्वतः धरते आता. बोलता येत नाही. वहीत लिहिते. आज लिहिलं: तूप नको, मळमळतं.

19 मंगळवार
गुडघा. जिना उतरताना कट्कन आवाज. बर्फ. पडून.

22 शुक्रवार
उद्याचं काय? पोरांना सूचना लिहून पाठवल्या. लांबलचक झाल्या. उत्तर आलं: ओके मावशी.
सिस्टरची मावशी कधी झाले?

23 शनिवार
घरी. अकरा वाजता फोन करणार होते. केला नाही. एक वाजता केला. कुणी उचलला नाही. तीन वाजता त्यांचा आला, "सगळं झालं, तुम्ही आराम करा."
म्हणजे मिक्सर जळला नाही. नळी तुंबली नाही. आनंद व्हायला हवा.

24, झावळ्यांचा रविवार, होळी
दोन्ही एकाच दिवशी. देवळाच्या गल्लीतून झावळ्या घेऊन मिरवणूक, मी मागे काठीने. वॉचमन विचारत होता, उरलेल्या होळीला चालतील का. म्हटलं, थोड्या ठेव. पुढच्या राख बुधवारची राख त्यांचीच करतात.
देणगीदार भेटले. "बाई, गुडघा कसाय?" बरा म्हटलं. पुढे दोघांनाही सुचलं नाही.

28 गुरुवार
रात्री पाय धुण्याचा विधी. बारा जणांत मला बसवलं. टाचेला भेगा, वर बर्फाने काळंनिळं झालेलं. पाळकसाहेब खाली वाकले तेव्हा पाय मागे ओढला गेला. त्यांनी घोटा धरून ठेवला, नर्स धरते तसा घट्ट. पाणी गार होतं.

29, शुभ शुक्रवार
तीन तासांची उपासना. बसता आलं नाही, मागे उभी राहिले.

30 शनिवार
परळ. मंडळाच्या फळ्यावर खडूने: नळीचं जेवण, बुधवार व शनिवार, भांडं आणावं. बुधवार कुणी ठरवला?
गाळायला जालन्यावाला. दोन फडकी वापरतो, एकावर एक, पिळत नाही, आपोआप झिरपू देतो. माझ्या पद्धतीपेक्षा वेळ लागतो, पण कण एक नाही. यवतमाळकडची एक मुलगी नवीन आलेली, बापाला नळी. तिला तो शिकवत होता. डोकं उंच, सिरिंज हळू. माझे शब्द, त्याच्या बोलीत.
मला खुर्ची दिली. "मावशी, बसा." बसले. करायला काही नव्हतं. थर्मासांची झाकणं उघडझाप करत राहिले.
घरी येऊन प्रार्थनेला बसले आणि आधी तक्रारच केली.

31, पुनरुत्थान रविवार
पहाटेची उपासना. घसा बसेपर्यंत गायले. वहिनींकडे अंडी आणि केक. त्यांनी पुरणपोळी दिली, होळीची, फ्रीजमधली.

2 एप्रिल, मंगळवार
पाळकसाहेबांचा फोन. 7 तारखेला साक्ष द्या. प्रभूने सेवा कशी चालवली त्यावर. दहा मिनिटं.
खजिनदारांचाही फोन. अहवालात 'मंडळीने राबवलेली सेवा' असं लिहू ना? म्हटलं, मंडळीनेच, फक्त कुठल्या मंडळीने ते नीट लिहा.

4 गुरुवार
जालन्याची मंडळी निघाली. सेक संपले. दादरहून रात्रीची देवगिरी. नळी अजून आहे, महिन्याने दाखवायला यायचंय. गावात मिक्सर आहे का, विचारलं. लाइट असते तेव्हा आहे, म्हणाला.
तिने वहीचं पान फाडून दिलं. माझ्यासाठी नव्हतं. यवतमाळच्या मुलीसाठी, गाजर किती आणि पाणी किती.

5 शुक्रवार
1922 साली आजच्या तारखेला रमाबाई गेल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेलेली. शेवटी ऐकू फारसं येत नव्हतं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करत होत्या. ते छापून निघालं 1924 साली.
साक्षीचा कागद समोर. पहिल्या ओळीत 'मी' तीनदा आलं. खोडलं तर वाक्य उरत नाही. मग माणसं लिहून काढली. कॅरमवाला. माघीचा तांदूळ. धर्मशाळेतला रांग सांगणारा. फडकीवाला, त्याची बायको. वहिनी, रताळ्यासकट. देणगीदारही घातले. पहिल्या शनिवारचे पैसे त्यांचेच होते, आणि त्या शनिवारी ती खिचडी नसती तर वरचं पाणी कुणी मागितलं नसतं.
खजिनदार म्हणतील, यात प्रभू कुठे आला?

6 शनिवार
मिक्सरचं भांडं फुटलं. नवीन आणायला लोहार चाळीत गेले होते. दुकानदाराने किंमत सांगितली. मी कशासाठी हवंय ते सांगितलं, सगळं, नळीपासून. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असं. त्याने पन्नास रुपये कमी केले. म्हटलं, अजून करा. तो म्हणाला, नाही परवडत. बरं म्हटलं, पैसे मोजले.
बुधवारी यवतमाळची मुलगी येते का बघायचं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचं ऑफिस उघडं असेल ना, विचारून ठेवायचं.