गवसणी की पेटी?

'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवला. मुलं अर्थ पाठ करायची, वाक्यात उपयोगही ठरलेला असायचा. पण "बाई, गवसणी म्हणजे काय?" असं विचारणारं पोर वर्षाकाठी एखादंच. त्याला मी सांगायची, अरे, तंबोऱ्याला, तबल्याला कापडाची खोळ घालतात ना, ती गवसणी. आकाशाला घालायची तर केवढं कापड लागेल बघ! मग सगळा वर्ग हसायचा.

गेले पंधरा दिवस हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू येतोय, आणि तोही अगदी मूळ अर्थाने. त्यावरून पुण्याहून, नाशिकहून, थेट न्यू जर्सीहून फोन झाले आहेत. प्रत्येकाचं मत वेगळं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हटलं.

तर मंडळी, विषय असा. माझी नात बोईसरला असते. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, तारापूर एमआयडीसीत नोकरीला. मी पालघरला. नातीला यंदा बडोद्याला गाणं शिकायला प्रवेश मिळालाय. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू केली, तीच पुढे वाढत जाऊन आज तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे. मुलगी तिथे वसतिगृहात राहणार. आणि सोबत आक्काचा तंबोरा नेणार.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नातेवाइकांना सांगायला नकोच, बाकीच्यांसाठी सांगते. ती गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. साठवलेल्या पैशातून १९६६ साली ती मिरजेला गेली आणि तंबोरा घेऊन आली. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं माहेर. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी-तंबोरे बनवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या वंशातले कारागीर अजून तेच काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आक्का गेली तेव्हा मिरज-पुणे लाईन मीटरगेज होती. पुण्याला गाडी बदल, दादरला बदल, विरारला बदल, असं करत गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन ती पालघरला उतरली. वडील स्टेशनवर न्यायला गेले होते, तर त्यांच्याही हातात दिला नाही तिने!

२०१९ मध्ये आक्का गेली. तेव्हापासून तंबोरा माझ्याकडे आहे. मी गाणारी नव्हे. दर रविवारी पुसते, गवसणी उन्हात घालते, एवढंच.

आता न्यू जर्सीचा फोन. आक्काचा मुलगा तिकडे असतो. तो म्हणाला, "मावशी, फायबरची पेटी घे. पैसे मी पाठवतो. पण तसा कापडात गुंडाळून पाठवू नकोस." मी म्हटलं, अरे, एवढा खर्च कशाला? तर जरा थांबून म्हणाला, "आईचं आता एवढंच उरलंय."

यावर काय बोलणार? त्याचं म्हणणं खोटं नाही. तंबोऱ्याचा भोपळा दिसतो मोठा आणि भारदस्त, पण आतून सगळा पोकळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत हे भोपळे वाढवतात, वाळवतात, मग मिरजेला त्यांना दांडी, तबली, घोडी लागते. वाळलेल्या भोपळ्याची साल म्हणजे कवटीसारखी, कडक पण ठिसूळ. लग्नातल्या बँडवाल्यांची पितळी वाद्यं बघा, टेम्पोत कशीही रचलेली असतात. पितळेला धक्का लागला तर पोचा पडतो, तो ठोकून काढता येतो. भोपळ्याला पोचा पडत नाही, सरळ तडा जातो. आणि दांडी जिथे भोपळ्याला मिळते तो गळा तर फारच नाजूक. लांब दांडीला वर कुठे धक्का लागला तरी त्याचा ताण येतो गळ्यावर.

त्यामुळे पेटी हवी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला वजन आहे. (पेटी म्हणजे इथे बाजाची पेटी नव्हे हं. तिला बिचारीला वेगळी पेटी लागतच नाही, ती स्वतःच पेटी!) चांगल्या फायबरच्या पेटीला आतून स्पंज असतो, वाद्याच्या आकाराचा खळगा असतो. वर बॅग पडली, कोणाचा गुडघा लागला, तरी वाद्याला काही होत नाही. विमानाने जायचं असेल तर मी स्वतःच म्हणेन, पेटीशिवाय वाद्य हलवू नका. सामानाच्या पट्ट्यावर आत काय आहे हे कोणाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नसतो. मात्र तिथेही खळगा बरोबर बसलेला हवा. पेटीत वाद्य सैल राहिलं तर बाहेरचा धक्का बसायच्या आधी पेटीचीच भिंत त्याला लागते. मधल्या जागेत चादरी, शाली दाबून भरायच्या, आणि तारा उतरवून ठेवायच्या.

पण आम्हाला जायचंय बोईसरहून बडोद्याला. गाडी बोईसरला थांबते जेमतेम दोन मिनिटं. खाली उतरणारे वेगळे, वर चढणारे वेगळे, आणि जूनचा पाऊस. त्यात ही मुलगी, तिची बॅग आणि पाच फुटी पेटी. मुलाच्या एका मित्राकडे सतारीची तशी पेटी आहे, ती मुद्दाम मागून आणली आणि नातीला म्हटलं, उचलून जिना चढून दाखव. चढली ती. पण दोन्ही हात त्यातच गुंतले, आणि वर पोचल्यावर म्हणाली, "आजी, बाबा बरोबर असले तर ठीक आहे. एकटीला नाही जमणार. मग मी दर सुट्टीला तंबोरा तिथेच ठेवून यायचा का? आणि परीक्षेला, कार्यक्रमाला न्यायचा तर कोणाला बोलवायचं?"

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. तंबोरा आकाराच्या मानाने हलका असतो. गवसणीत घातला की भोपळा कुशीला आणि दांडी खांद्याला लावून एक हात मोकळा ठेवून चालता येतं. आक्का साठीपर्यंत तशीच चालायची.

आक्का दर रविवारी दादरला शिकायला जायची. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये आली. आमच्या वेळी शटल, आणि विरारला उतरून पुढची गाडी. बायकांच्या डब्यात मासळीच्या पाट्या, भाजीच्या जुड्या, कडेवर पोरं. मी काही वेळा तिच्याबरोबर गेले आहे. गवसणीतला तंबोरा दिसला की कोणीतरी म्हणायचंच, "बाईचा तंबोरा आलाय गं, सरका!" कोळणी पाटी पायाशी ओढून घ्यायच्या. एकदा एका बाईने आपली पिशवी मांडीवर घेऊन तंबोऱ्याला खिडकीशी जागा दिली होती, आक्का मात्र उभी! कापडातून वाद्याचा आकार दिसतो ना, त्यामुळे लोकांना कळतं की ही जपायची वस्तू आहे. कडक पेटी ठेवली की ती सामान होते. तिच्यावर लोक बॅगा ठेवतात, टेकतात, प्रसंगी बसतातही. त्यांचा काय दोष? पेटी बघूनच वाटतं, हिला काही होणार नाही.

आणि आमच्या भागातला पाऊस! समुद्राची हवा, चार महिने भिंतींना ओल. बंद पेटीत दमट हवा कोंडली की तारांना गंज आणि लाकडाला बुरशी. कापडाला निदान हवा खेळते. पेटी वापरायचीच असेल त्यांनी ती पावसाळ्यात अधूनमधून उघडून ठेवावी, आत कापूर नाहीतर ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात.

आमच्या जिल्ह्यात भोपळ्याचं आणखी एक वाद्य आहे, वारल्यांचा तारपा. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर तो वाजवला. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेच्या कार्यक्रमांत तारपा वाजवणारे यायचे, त्यांच्यापैकी कोणाचाही तारपा मी गवसणीत पाहिला नाही, पेटीत तर नाहीच. हातात धरून आणायचे, हातात धरून न्यायचे. पण वाजवणारेच बहुधा तो बनवणारेही असतात. काही झालं तर दुरुस्त करायला हात घरचेच. आमच्या तंबोऱ्याला मिरज लागते. तेवढा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

"मग खरा तंबोरा नेतेच कशाला?" असं पुण्याहून विचारणं झालं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघून चाळीसहून जास्त वर्षं झाली, आता तर फोनमध्येच मिळतो. प्रवासासाठी चपटी, छोटी तंबोरीही मिळते. दोन्ही सोयीचे आहेत आणि नातीकडे फोनमधला आहेच. पण तिचं म्हणणं असं की फोनमधला सुरात लावूनच येतो, आणि तंबोरा लावताना कान जो तयार होतो तो त्यात होत नाही. घोडीवर जवारीचा दोरा किंचित सरकवला की आवाज कसा खुलतो, हे मला न गाणारीलाही कळतं.

असो. सगळ्यांचं ऐकून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. वाद्य ज्या प्रवासात आपल्या हातातून सुटणार नाही, तिथे गवसणी. जिथे ते परक्या हातात द्यायचंय, विमानात, ट्रकमध्ये, पार्सलमध्ये, तिथे पेटी. वसतिगृहाच्या सामानाबरोबर टेम्पोतून पाठवायची सूचना आली होती, ती मी ऐकलीच नाही. पेटीतून पाठवा म्हटलं तरी नाही.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो गप्प बसला. मग नातीनेच व्हिडिओवर त्याला दाखवलं, तंबोरा कसा उचलते, जिना कसा चढते, दारातून नेताना दांडी आधी की भोपळा आधी. (भोपळा आधी, आणि हात त्याच्या पुढे!) तिने त्याला सांगितलं, "काका, मी बर्थवाली गाडी घेतेय, वरची बर्थ. तंबोरा आडवा बर्थवर, मी त्याच्या कडेला. बसायच्या डब्यात त्याला जागा मिळणार नाही." मग तारा चढवल्या आणि बराच वेळ लावत बसली. सात वर्षांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता. तिकडून भाचा काही बोलेना. मला वाटलं फोन तुटला. शेवटी म्हणाला, "मावशी, तडा गेलाच तर मिरजेला नीट करून मिळेल ना?" मी म्हटलं, मिळतो. सांधलेल्या भोपळ्याचे तंबोरे गाताना कितीतरी बघितलेत मी. "मग गवसणीच शिव," म्हणाला, "पण जाड शिव."

तर आता जाड गवसणी शिवायला टाकली आहे. आतून रजईसारखं टाचलेलं सुती कापड, मध्ये फोम, भोपळ्याकडे दुहेरी आणि गळ्यापाशी आणखी एक पट्टी. खांद्याला रुंद पट्टा. वरून पावसासाठी रेक्झिनची वेगळी खोळ, गाडीत चढलं की काढून टाकायची. आक्काची जुनी गवसणी विरली आहे, तिचं कापड आत अस्तराला लावायला सांगितलंय. प्रवासात तारा थोड्या उतरवायच्या, घोडीवर मऊ कापडाची घडी. पेटीचे पैसे भाच्याने पाठवलेच आहेत. त्यातून नवीन तारांचे दोन संच आणि वर्षाकाठी एकदा मिरजेला जवारी करून घ्यायचा खर्च निघेल. नातीने ते पैसे वेगळे ठेवले आहेत, हिशोबही लिहिते म्हणाली.

निघायचा दिवस २२ जून. बोईसर स्टेशनवर सोडायला तिचे आईबाबा आणि मी असू. गाडीत मात्र ती एकटीच चढणार आहे, तसं तिने आधीच सांगून ठेवलंय. बडोद्याला दमट हवेत तंबोरा कसा ठेवायचा याचा कोणाला अनुभव असेल तर जरूर कळवा. आणि नातेवाईक मंडळींनो, कृपा करून आता पेटीसाठी फोन करू नका!