वर्ष कोणते धरायचे?

डिसेंबर कलू लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नव्या वर्षाच्या आर्थिक संकल्पांचे लेख येऊ लागतात. पगारातून आधी बचत वजा करा आणि उरेल ते खर्चा, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बाजूला ठेवा, विमा आणि गुंतवणूक यांची गल्लत करू नका. सल्ले वावगे नाहीत. मी ते वाचतो, काही पाळतोही. पण पुसदला राहून वाचताना एक प्राथमिक शंका उरतेच की, यातले 'वर्ष' कोणाचे?

आमच्याकडे वर्षे निदान चार आहेत. लक्ष्मीपूजनाला वही पुजणाऱ्या व्यापाऱ्याचे एक. सालगड्याचे दुसरे, त्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, काही उचल हातावर पडते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस बांधला जातो. ही पद्धत आता विरळ झाली, तरी 'सालाने राहणे' हा शब्दप्रयोग अजून कानी येतो. तिसरे सरकारचे, एप्रिल ते मार्च. चौथे कापसाचे. ते मृगाला सुरू होते आणि त्यात पैसा आधी जातो, येतो तो दसरा-दिवाळीनंतर. दरमहा एक तारखेची वाट पाहणारा आमच्यासारखा माणूस या चारही वर्षांत उपराच म्हणायचा.

माझे लहानपण चौथ्या वर्षात गेले. राज्यात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. केंद्रावर कापूस घातला की हाती बहुधा पावती येई. पैसे मागाहून येत. त्या पैशांना चुकारा म्हणत. आमच्या घरातला भविष्यकाळ या एका शब्दावर उभा होता. चुकारा आल्यावर पुस्तके, चुकारा आल्यावर आईचा चष्मा, चुकारा आल्यावर ताईकडे दिवाळीची उरलेली साडी. व्याकरणाच्या तासाला संकेतार्थ शिकवताना मला अजूनही ही वाक्ये आधी सुचतात. आर्थिक नियोजन नव्हते असे कोणी म्हणू नये. उद्दिष्टे होती, अग्रक्रम होते, फक्त तारीख आमच्या हाती नव्हती.

शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, तो लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, हे मत जुने आहे. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी त्याचा यथास्थित समाचार घेतला आहे. तो भाग वर्गात शिकवून मी प्राध्यापक-कक्षात येतो, तेव्हा तिथे कधी कधी तेच मत चहाबरोबर चाललेले असते. असो.

मी २००९ साली नोकरीला लागलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हमीचे जुने निवृत्तिवेतन नाही, हे वाचकांतील अनेकांना स्वानुभवाने ठाऊक असेल. आमच्या आधीच्या पिढीतील प्राध्यापकाला बचत केली नाही तरी चालत असे. त्याचे म्हातारपण शासनाने लिहून दिलेले होते. आमचे बाजारावर सोपवलेले आहे. तेव्हा वर्षारंभी आकडा ठरवणे ही माझ्यासाठी हौस नाही. पूर्वी मार्चमध्ये करबचतीच्या दीड लाखासाठी धावपळ होई आणि त्या निमित्ताने का होईना पैसा बाजूला पडे. २०२३-२४पासून नवी करप्रणाली मूळ ठरली आणि तिच्यात ती सवलत नसल्याने सक्तीही गेली. आता स्वतःलाच सक्ती करायची.

आणि नेमका मार्चमध्ये दादाचा फोन येतो. "अरे, सोसायटीचं नवंजुनं करा लागते."

हा शब्द ज्यांना अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो. पीककर्ज मुदतीत भरले तर व्याजाची सवलत मिळते आणि नवे कर्ज मिळण्याचा मार्ग खुला राहतो. भरायला पैसे नसतात, म्हणून चार दिवसांसाठी कोणाकडून तरी आणून जुने फेडायचे, नवे उचलायचे आणि ज्याचे त्याला परत द्यायचे. गावोगावी हे चालते. ज्याच्या घरात पगारदार आहे त्याला हे पैसे बिनव्याजी मिळतात. ज्याच्या घरात नाही, त्याला ते सावकाराकडून आणावे लागतात. दादा आणि त्याचा शेजारी यांच्या शेतीत जो फरक आहे, त्यातला बराचसा माझ्या पगाराचा आहे. जमीन दोघांची सारखीच काळी.

अशा वेळी मला तुकोबांची आख्यायिका आठवते. कर्जखते इंद्रायणीत बुडवली, एवढेच आपण सहसा सांगतो. महिपतींच्या परंपरेने येणारा तपशील त्याहून बारीक आहे. कान्होबाच्या वाटणीची निम्मी खते त्यांनी त्याला देऊन टाकली आणि बुडवली ती फक्त आपली. वैराग्याच्या त्या क्षणीही भावाचा हिशेब वेगळा काढण्याइतकी व्यवहारदृष्टी त्यांनी ठेवली. कीर्तनकार इथे थांबत नाहीत, मला मात्र हीच जागा मोलाची वाटते.

पत्नी माझ्या वहीत डोकावून दरवर्षी विचारते, "दादांचे पैसे तुम्ही कोणत्या रकान्यात लिहिता?" प्रश्न साधा नाही. 'येणे' लिहावे तर सावकारी वाटते, 'खर्च' लिहावे तर दादाचा अपमान. त्याने आजवर एक रुपया ठेवलेला नाही. आणि काहीच लिहू नये तर सहा महिन्यांच्या गंगाजळीचा आकडा मार्चमध्ये खोटा ठरतो. गेल्या वर्षी नवे कर्ज मंजूर व्हायला चारऐवजी बावीस दिवस लागले आणि मुलीच्या प्रवेशशुल्काचा हप्ता मध्ये आला. तो आम्ही भरला, पण तिचा प्रश्न त्यानंतर विनोदाचा राहिला नाही.

म्हणून यंदा दोन आवर्त ठेवी उघडल्या आहेत. एक आमच्या म्हातारपणाची. तिला हात लावायचा नाही, असे पत्नीने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. दुसरी दरमहा सहा हजारांची, एप्रिलपासून सुरू होऊन बाराव्या हप्त्यानंतर मार्चअखेरीस मोकळी होणारी. तिचे ७२ हजार नवेजुने करायला पुरतात. पाडव्याला घरी गेलो तेव्हा दादाला हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एखाद्या वर्षी कापूस बरा पिकला अन् भाव लागला तर लागणार नाहीत ते पैसे, तेव्हा काय करशील?

त्या वर्षासाठी वहीत एक ओळ कोरी सोडली आहे.