पंचेचाळीस दिवसांचा कायदा मला का पटला

व्हेंडरला पैसे कधी द्यायचे हे सरकारने सांगू नये, असं माझं ठाम मत होतं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या एका कंपनीत, खरेदी विभागात मी आजवर नोकरी करत आलो आहे. माल कुणाकडून घ्यायचा, दर काय, क्रेडिट किती दिवसांचं, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. एखाद्या महिन्यात पुढेमागे झालं तर संबंध सांभाळून घेतात, अशी माझी धारणा होती. त्यामुळे २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्याच्या ४३ बी कलमाला (एच) हा खंड जोडला गेला तेव्हा मी त्याच्या विरोधात बोललो, कंपनीच्या बैठकीत आणि बाहेरही. आज मी त्या कायद्याच्या बाजूने आहे.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच लिहिलेलं आहे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज झालं २०.२५ टक्के. इतकी कडक तरतूद असूनही असं व्याज लावलेलं एकही बिल माझ्या टेबलावर कधी आलं नाही. ४३ बी (एच) ने आकारणी वर्ष २०२४-२५ पासून केलं ते इतकंच, की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरायची नाही. उशिराची झळ पहिल्यांदाच देणाऱ्याच्या करापर्यंत पोचली.

मध्यम उद्योग या खंडात येत नाहीत. मोठे कारखाने छोट्यांना सोडून त्यांच्याकडे वळतील, हा माझा मुख्य आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. ‘लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी सोडा, मग ऑर्डर चालू ठेवतो’ असं काही पुरवठादारांना सुचवल्याचं तेव्हा कानावर येत होतं. पण कास्टिंगसारखा माल भाजीसारखा शेजारच्या गाळ्यावरून घेता येत नाही. पॅटर्न हलवायचा, कोअर बॉक्स हलवायचे, नवे नमुने काढायचे, ते तपासून मंजूर व्हायचे, यात महिने जातात. पळ काढणं बोलण्याइतकं सोपं नव्हतं.

माझं मत खरं हललं ते कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत. एका हाउसिंगचं रिजेक्शन वाढलं होतं. मशिनिंग झाल्यावर आतल्या अंगाला बारीक छिद्रं दिसत होती. त्या कामासाठी गेलो होतो. मालकांच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर ७, १५ आणि २० या तारखांना लाल गोल होते. सातला पगार, पंधराला पीएफ, वीसला जीएसटी. महावितरणच्या बिलाला वेगळा गोल, कारण इंडक्शन फर्नेसवर वीज हा मोठा खर्च. स्क्रॅपवाला तर जवळपास रोखीनेच माल टाकतो. आमच्या पैशांना मात्र कॅलेंडरवर जागाच नव्हती. ते कधी येतील हे त्यांना माहीतच नव्हतं.

जीएसटीचा हिशोब मी तिथे बसून पहिल्यांदा पुरवठादाराच्या बाजूने मांडला. दहा लाखांचं कास्टिंग पाठवलं की १८ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार कर होतो. आमचे पैसे आलेले असोत वा नसोत, फाउंड्रीने तो पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा. आम्ही त्याच एक लाख ऐंशी हजारांचं इनपुट क्रेडिट घेऊन मोकळे, आणि बिलाचे पैसे देणार चार महिन्यांनी. म्हणजे मालाचे पैसे तर अडकलेच, वर आमचा कर फाउंड्री आपल्या कॅश क्रेडिटमधून, बँकेला व्याज देऊन भरत होती. याला मी ‘दोघांनी ठरवलेलं क्रेडिट’ म्हणत आलो होतो.

तुम्ही कधी पैशांची मागणी का केली नाही, असं मी मालकांना विचारलं. कुणाचं नाव न घेता ते म्हणाले, “साहेब, पैशाचं विचारलं की पुढच्या महिन्याचं शेड्यूल कमी येतंय.” भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे भिडेच्या मागे पोटाचा हिशोब होता. तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं, राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. चालू ग्राहकाविरुद्ध तिथे जाणार कोण? जो जातो तो बहुधा संबंध संपल्यावर. करातली वजावट अडवणाऱ्या कायद्याला मात्र तक्रारदार लागत नाही. पुरवठादाराला तोंड उघडावंच लागत नाही, आणि हेच या कायद्याचं बळ आहे.

या कायद्यामुळे आमचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत जाऊ लागल्यावर पुन्हा शिरोलीला जाणं झालं. या वेळी मालकांनी तेच हाउसिंग मधोमध कापून टेबलावर ठेवलं. जाड बॉस (उंचवटा) जिथे पातळ भिंतीला मिळतो तिथे स्पंजासारखा भाग दिसत होता. तिथला धातू सगळ्यात शेवटी थिजतो, तोवर बाजूचा रस संपलेला असतो, आणि आत पोकळी राहते. दोष ओतण्यात कमी, आमच्या ड्रॉइंगमध्ये जास्त होता. बॉस आतून कोअर टाकून पोकळ केला की प्रश्न सुटणार होता, आणि हे त्यांना पहिल्या नमुन्यापासून ठाऊक होतं. तेव्हा ते गप्प राहिले, कारण ड्रॉइंगवर बोट ठेवलं की पुन्हा नमुने, पुन्हा मंजुरी, आणि आधीच अडकलेले पैसे आणखी लांबणार. ज्याची बाकी तुमच्याकडे अडकली आहे तो तुम्हाला तुमची चूक दाखवत नाही. मी ज्याला सांभाळून घेणारे संबंध समजत होतो, त्यात एक बाजू गप्प बसून सांभाळत होती.

कायद्यात भोकं आहेत. एप्रिलचं बिल फेब्रुवारीत दिलं तरी वजावट त्याच वर्षी मिळते. खरी धावपळ ३१ मार्चच्या बाकीपुरती. व्यापारी यात नाहीत. ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून पैसे लवकर मिळतात, २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणीही सक्तीची झाली आहे, पण खरेदीदाराने बिल स्वीकारलं नाही तर त्या नोंदणीचा उपयोग नाही. म्हणून आमच्याकडे मी जीआरएनच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीच्या, मागे लागलो आहे. कायदा माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस धरतो, पण आमच्याकडे मुदत या नोंदीपासून मोजतात. गेटवर आलेला ट्रक दोन दिवस ‘तपासणीत’ ठेवला तर ते दोन दिवस फाउंड्रीच्या खिशातून जातात.

आता प्रश्न पुरवठ्याच्या साखळीतल्या पुढच्या पायरीचा आहे. शिरोलीच्या त्याच फाउंड्रीत फेटलिंग करणारे ठेकेदार आहेत, ग्राइंडर घेऊन कास्टिंगच्या कडा घासणारे. त्यांच्याकडे उद्यम नोंदणीच नाही, त्यामुळे फाउंड्रीकडून त्यांना मिळायच्या पैशांना ४५ दिवसांचं संरक्षण नाही. नोंदणी मोफत आहे. आधार आणि पॅन असलं की ऑनलाइन होते. मालकांशी बोलणं झालं आहे. पुढच्या खेपेला ठेकेदारांना केबिनमध्ये बोलावून ती करून घ्यायची असं ठरलं आहे.