कुणाच्या हाताखाली शिकला?

माझी नोकरी रोह्याच्या एका सरकारी कचेरीत आणि बिऱ्हाड पेणला, अशी व्यवस्था असल्यामुळे कासू, नागोठणे आणि निडी ही स्थानके ओलांडीत जाणारी रेल्वेची वाट माझ्या नित्याच्या परिचयाची झाली आहे; आणि ज्या सकाळी मी खिडकीशी बसूनही बाहेरची भातखाचरे न पाहता डोळे मिटून घेतो, त्या सकाळी आदल्या रात्री बार्सिलोनाचा सामना होता हे माझ्या सहप्रवाशांना विचारावे लागत नाही. स्पेनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या मागे साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, त्यामुळे युरोपीय चषकाचा सामना तिकडे रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो तेव्हा पेणमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली असते. रायगड जिल्हा हा कबड्डीचा मुलूख. भातकापणी आटोपली की गावोगाव मैदाने आखली जातात, आणि उरलेल्या शेतांत क्रिकेट चालते. अशा मुलखातल्या एका कारकुनाची निष्ठा सातासमुद्रांपलीकडच्या एका फुटबॉल क्लबावर जडावी, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला स्वतःला ती आयुष्यातील मोजक्या निर्भेळ सुखांपैकी एक वाटते.

या निष्ठेला अर्थ प्राप्त झाला तो २००९ च्या मे महिन्यात, आणि तोही गणपतीच्या एका कारखान्यात. पेण, हमरापूर आणि जोहे या टापूत चैत्र-वैशाखापासून मूर्तींच्या कामाला जोर चढतो. त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टमध्ये असल्यामुळे कारागीर रात्रीही बसत, आणि एका ओळखीच्या कारखान्यात त्यांच्या करमणुकीसाठी छोटा दूरचित्रवाणी संच ठेवलेला होता. रोममध्ये बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड यांचा युरोपीय चषकाचा अंतिम सामना चालू होता. बार्सिलोनाच्या एटोने दहाव्या मिनिटाला पहिला गोल केला तेव्हा कोणी मान वर केली नाही, परंतु सत्तराव्या मिनिटाला झावीने उजवीकडून उचलून दिलेल्या चेंडूवर, मैदानातील सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एक असलेल्या मेस्सीने, मागे झुकत, हवेत तरंगल्यासारखे होऊन डोक्याने गोल केला, तेव्हा डोळ्यांची आखणी करणारे वृद्ध मूर्तिकार हातातला कुंचला तसाच धरून पडद्याकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, “भाऊ, हा पोरगा कुणाच्या हाताखाली शिकला?”

किती पैसे मिळतात, कोणत्या देशाचा, वय काय, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. ज्या धंद्यात पोरे प्रथम माती मळतात, मग साच्यातून काढलेल्या मूर्तीवर हात फिरवतात, मग रंगाला बसतात आणि पुष्कळ वर्षांनी कधीतरी त्यांच्या हाती आखणीचा कुंचला दिला जातो, त्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. मी त्यांना त्या रात्री जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी मी पुढे जे वाचले, पाहिले आणि टिपून ठेवले, त्यालाच मी माझे बार्सिलोनाप्रेम म्हणतो.

बार्सिलोनाच्या मैदानाला लागून १७०२ सालचे एक दगडी शेतघर होते, त्याला ला मासिया म्हणत. १९७९ मध्ये क्लबने त्यात बाहेरगावच्या मुलांचे वसतिगृह उघडले. ते पुढे २०११ मध्ये नव्या इमारतीत गेले, तरी नाव तेच राहिले. योहान क्रायफ हा डच खेळाडू १९७३ मध्ये क्लबाकडे आला आणि १९८८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा त्याने लहान मुलांपासून पहिल्या संघापर्यंत एकाच पद्धतीने खेळायचे असा दंडक घातला. चेंडू आपल्याकडे ठेवावा, पळण्याआधी पाहावे, चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो पुढे कुठे द्यायचा हे ठरलेले असावे, आणि सहकाऱ्यांनी चेंडू असलेल्या खेळाडूभोवती सदैव त्रिकोण करून उभे राहावे, म्हणजे त्याला एक नव्हे तर दोन वाटा मोकळ्या राहतील. या शाळेतला एक सडपातळ मुलगा, गार्दिओला, क्रायफच्या हाताखाली खेळला आणि २००८ मध्ये स्वतः प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली झावी आणि इनिएस्ता फुलले. आणि रोसारिओहून २००० साली वयाच्या तेराव्या वर्षी आलेला, शरीराची वाढ खुंटलेला मेस्सी, ज्याच्या औषधोपचाराचा खर्च क्लबने पत्करला आणि ज्याचा पहिला करार कागदी हातरुमालावर लिहिला गेला, तोही याच घरचा. २०१० च्या सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या पुरस्कारासाठी जे तिघे अखेरपर्यंत उरले ते तिघेही ला मासियाचे होते. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्तेविरुद्धच्या सामन्यात दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला आणि मोंतोया आत आला, तेव्हा मैदानावरचे अकराही खेळाडू त्या एका शाळेत घडलेले होते. तो क्षण मी पाहिला. गोलांचा आनंद पुष्कळदा झाला असेल, परंतु त्या साध्या बदलीच्या वेळी मला जे समाधान वाटले त्याची जात निराळी होती.

या क्लबाचा पूर्वेतिहास वाचताना मला वारंवार आमच्या रोह्याची आठवण होई. १८९९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नाही; लाखाहून अधिक सभासद त्याचे मालक आहेत आणि तेच मतदानाने अध्यक्ष निवडतात. १९२५ मध्ये प्रेक्षकांनी राजगीताची हुर्यो उडवली म्हणून हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेराच्या राजवटीने त्याचे मैदान सहा महिने बंद ठेवण्याचे फर्मान काढले. १९३६ मध्ये क्लबाचा अध्यक्ष जुझेप सुन्योल याला फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. आणि त्यानंतरच्या दीर्घ दमनकाळात, जेव्हा कातालान भाषेला सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्या प्रांताच्या माणसांना आपल्या भाषेत मोकळेपणाने ओरडता येण्याची जागा म्हणजे या क्लबाचे मैदान होते. ज्या गावच्या नगरमंदिराला चिंतामणराव देशमुखांचे नाव आहे, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या त्या पुरुषाला जे गाव आपला मानते, त्या गावच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला भाषा आणि प्रांत यांसाठी माणसे काय पणाला लावतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच क्लबाच्या कारभाराचा जो ऱ्हास पुढे झाला त्याने मला पराभवांहून अधिक क्लेश दिले. ज्या गणवेशावर २००६ मध्ये युनिसेफचे नाव झळकले, आणि त्यासाठी क्लबच वर्षाला १५ लाख युरो देत असे, त्याच गणवेशावर काही वर्षांतच कतारच्या पैशाने जागा घेतली. अवाच्या सवा किमतीचे परके खेळाडू आले, शाळेकडे दुर्लक्ष झाले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये नव्या अध्यक्षाने जाहीर केलेले देणे सुमारे १३५ कोटी युरोंचे होते. ज्यांनी सभासदांची मते मागून ही संस्था हाती घेतली त्यांनी तिची अशी दशा करावी, याला मी बेइमानी म्हणतो. सहकारी संस्था बुडाली म्हणजे लहान ठेवीदाराच्या घरात काय होते हे आम्हा पेणकरांनी फार जवळून पाहिले आहे.

त्या ऱ्हासातले एक वर्ष आमच्याही आपत्तीचे होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडावर आदळले. रोहा तालुक्यात घरांची छपरे उडाली, आंबा-काजूची झाडे मुळासकट उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, आणि पंचनाम्यांच्या कामात आमच्या कचेरीला दिवस पुरेना. महामारीमुळे थांबलेली स्पेनची साखळी स्पर्धा नेमकी त्याच पंधरवड्यात, रिकाम्या मैदानांवर, पुन्हा सुरू झाली. १३ जूनला बार्सिलोनाने मायोर्कावर ४-० असा विजय मिळवल्याचे मला एका पडझड झालेल्या घराच्या अंगणात, पंचनामा लिहिताना, फोनवर आलेल्या दोन ओळींतून कळले. त्यावेळी कोणताही आनंद झाला नाही, आणि होऊ नये असेच वाटले. दोन महिन्यांनी, आपल्याकडे स्वातंत्र्यदिन सुरू झालेला असताना, लिस्बनमध्ये बायर्नने आमचा ८-२ असा संहार केला. त्याच्या पुढच्या वर्षी, ५ ऑगस्टला, क्लबने मेस्सी जाणार असल्याचे जाहीर केले. तीन दिवसांनी निरोपाच्या व्यासपीठावर तो रडला. पेणच्या त्या वृद्ध मूर्तिकारांना ही बातमी मी स्वतः जाऊन सांगितली. ते एवढेच म्हणाले, “शाळा आहे ना चालू?”

शाळा चालू होती, आणि तिची मुले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना २५ ऑक्टोबर २०१७ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला. स्पेनच्या संघात बार्सिलोनाचे चौघे होते: आबेल रुईझ, सर्खिओ गोमेस, माथेऊ मोरेय आणि हुआन मिरांदा. पनवेलहून लोकलने नेरूळला जाताना मी त्यांची नावे मनात घोकत होतो. स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. रुईझने दोन गोल केले, आणि तिसरा व्हॅलेन्सियाच्या फेरान तोरेस नावाच्या मुलाने. आज मागे पाहता असे दिसते की ज्या चौघांसाठी मी गेलो होतो त्यांपैकी एकही बार्सिलोनाच्या पहिल्या संघात स्थिरावला नाही, आणि ज्याचे नाव मी त्या दिवशी प्रथमच ऐकले तो फेरान २०२२ मध्ये आमच्याकडे आला. शाळा माणसे घडवते. कोण कुठे रुजेल हे मात्र ती ठरवू शकत नाही.

त्याच मैदानावर ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या संध्याकाळी, बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या निवृत्त खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना झाला. माद्रिदने तो २-० जिंकला. निकालाचे मला काहीच वाटले नाही. झावीने चेंडू घेण्यापूर्वी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहण्याची ती सवय पुन्हा एकदा दाखवावी एवढीच माझी अपेक्षा होती. पाऊल मंदावले होते. मान तशीच वळत होती.

वीस दिवसांनी सेव्हिलमध्ये राजचषकाचा अंतिम सामना झाला. माद्रिद २-१ ने पुढे असताना ८४ व्या मिनिटाला फेरानने बरोबरी साधली आणि जादा वेळेत कुंदेने निर्णायक गोल केला. पेणमध्ये तेव्हा पहाट होत होती. आठ वर्षांपूर्वी नेरूळला पाहिलेला मुलगा गोलरक्षकाला चकवून पुढे गेला, तेव्हा एका दूरच्या क्लबाशी माझे काही नाते आहे ही गोष्ट मला कोणाला पटवून देण्याची गरज उरली नाही.

मग युरोपीय चषकातला मिलानचा सामना आला. ७ मेच्या पहाटे इंटरविरुद्ध आम्ही ३-२ असे पुढे होतो, भरपाईच्या वेळेत आचेर्बीने बरोबरी केली, आणि जादा वेळेत फ्रात्तेसीने आमचा अंत केला. दोन सामन्यांची बेरीज ७-६. बाजूला ठेवलेला फोन उचलला तेव्हा सीमेपलीकडील तळांवर आपल्या सैन्याने केलेल्या हल्ल्यांची वार्ता आलेली होती. त्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा जो सराव योजला होता, त्याच्या यादीत रोहा, धाटाव आणि नागोठणे ही नावे होती. गाडीत आणि कचेरीत दुसरा विषय नव्हता, आणि मीही दुसरे काही बोललो नाही.

१५ मेच्या रात्री एस्पान्योलच्या मैदानावर २-० असा विजय मिळवून बार्सिलोनाने साखळी स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी कचेरीत एका तरुण सहकाऱ्याने हजेरीपटावर सही करता करता विचारले, “साहेब, तुमचे लोक जिंकले म्हणे?” मी त्याला सांगितले, की पहिला गोल सतरा वर्षांच्या लामिन यामालचा आणि दुसरा बावीस वर्षांच्या फेर्मिन लोपेसचा, आणि दोघेही ला मासियाचे. ती नावे मी त्याला दोनदा सांगितली, कारण पुढच्या मोसमात तो पेणला मुक्कामाला येऊन माझ्याबरोबर सामने पाहणार होता.