सॉल्ट लेक येथील पितृस्मरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं युटा संस्थानाची राजधानी सॉल्ट लेक सिटी. पूर्वेस वासॅच पर्वताची उंच रांग, वायव्येस विस्तीर्ण खारें सरोवर, आणि मध्यें १३२ फूट रुंदीचे सरळ रस्ते आखून वसविलेलें हें नगर. रस्त्यांचे क्रमांक येथें मंदिरापासून मोजतात. त्यावरूनच वसविणारांचें चित्त कोठें गुंतलें होतें तें कळतें. १८४४ सालीं मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा इलिनॉय संस्थानांत जमावानें वध केला. पुढें ब्रिगॅम यंग याच्या मागोमाग त्याचे अनुयायी १८४७ च्या जुलैंत या उजाड खोऱ्यांत आले.

मंदिराचें काम १८५३ पासून १८९३ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, चाललें. त्याचा पाषाण लिट्ल कॉटनवुड दरींतून प्रथम बैलगाड्यांनीं व पुढें आगगाडीनें आणिला. त्याच दरींत डोंगर पोखरून पंथानें १९६५ सालीं एक भांडार पुरें केलें. त्यांत सोनेंनाणें नाहीं. देशोदेशींच्या जन्ममृत्यूंच्या व विवाहांच्या नोंदींच्या चोवीस लाखांहून अधिक चित्रफिती तेथें गोळा झाल्या. मंदिराजवळच्या ग्रंथालयांत कोणाही वाटसरूस विनामूल्य आपले पूर्वज शोधतां येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचींही छायाचित्रें या मंडळींनीं घेतलीं आहेत, हें कळतांच इतक्या दूर देशीं घरचें कोणी भेटावें तसें आम्हांस वाटलें.

या खटाटोपाच्या मुळाशीं एक श्रद्धा आहे. दीक्षेवांचून निवर्तलेल्या पूर्वजाच्या वतीनें वंशजास बाप्तिस्मा घेतां येतो. तो पत्करणें न पत्करणें मृतात्म्याच्या इच्छेवर, असें हा पंथ मानतो. आपल्या श्राद्धतर्पणाहून विधि निराळा, परंतु मरणानें नातें तुटत नाहीं हा भाव उभयतांस समान.

मृतांची एवढी काळजी वाहणाऱ्या या पंथानें जिवंतांशीं कसें वर्तन केलें? जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णी स्त्री १८४३ सालीं सुमारें आठशें मैल पायीं चालून जोसेफ स्मिथच्या नगरीस पोहोंचली, आणि १८४७ सालींच या खोऱ्यांत आली. आपल्या मृत आप्तांसाठीं बाप्तिस्मा घेण्याची तिला मुभा मिळाली. पण मंदिरांतील श्रेष्ठ विधि स्वतःस लाभावेत म्हणून तिनें वारंवार केलेले अर्ज वर्णामुळें नाकारले गेले. १९०८ सालीं ती वारली. १९७८ सालीं पंथानें हा निर्बंध उठविला, आणि १९७९ सालीं तिच्या वतीनें तो विधि दुसऱ्या कोणी केला. जिवंतपणीं जें मागून मिळालें नाहीं, तें मरणानंतर एकाहत्तर वर्षांनीं न मागतां मिळालें. या निर्बंधाच्या समर्थनार्थ पूर्वीं सांगितलेल्या उपपत्ति पंथानें २०१३ सालीं उघडपणें त्याज्य ठरविल्या, हें मात्र नमूद केलें पाहिजे.

हें वाचून परक्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस पोहोंचत नाहीं. गोदावरीच्या कांठीं आपण पिढ्यान्‌पिढ्या पितरांस पिंड देत आलों. आणि त्याच नाशिकांत १९३० सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळारामाच्या दाराशीं जे सत्याग्रही उभे राहिले, त्यांस वर्षानुवर्षें झगडूनही प्रवेश मिळाला नाहीं. आपल्या कुलवृत्तान्तांत पणजोबांचीं अग्निहोत्रें व अधिकारपदें विस्तारानें येतात. त्यांनीं कोणास उंबऱ्याबाहेर उभें केलें, याची ओळही आढळत नाहीं. पितरांचें ऋण फेडावयाचें तर त्यांच्या पुण्याबरोबर त्यांच्या अन्यायांचाही हिशेब ठेविला पाहिजे. आणि दाराशीं उभ्या असलेल्या माणसास न्याय द्यावयाचा तो त्याच्या हयातींतच दिला पाहिजे.