सरकारी वकिलाचं नाव काय?

‘मानवत मर्डर्स’ ऑक्टोबर 2024 मध्ये आली आणि त्या दिवाळीत परभणीला आमच्या घरी तिचं अक्षरशः पारायण झालं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट! बाबा दर दहा मिनिटांनी पॉज करायला लावायचे. 1972 ते 74, गुप्तधनाच्या नादापायी पडलेले बायकांचे आणि चिमुरड्या पोरींचे मुडदे, अंधार पडला की लागणारी दारं. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी तर हीरोच.

सिरीज संपली तशी माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं, “दादा, या केसमधल्या सरकारी वकिलाचं नाव सांग बरं?”

मी गप्प. बाबाही गप्प.

ती एलएल.बी. झालीय आणि एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचं म्हणतेय, म्हणून तिला हे टोचलं. पोलिसांचा तपास संपतो तिथं सरकारी वकिलाची कसोटी सुरू होते. मानवतचा बराच डोलारा माफीच्या साक्षीदारावर उभा होता. असा माणूस स्वतःच गुन्ह्यात सामील, त्यामुळं त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा टेकू लागतो. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण संपलं तेव्हा काहींची शिक्षा टिकली. पण ज्या जोडप्याभोवती सगळा कट फिरत होता, ते दोघं निर्दोष सुटले. बाबांना हे अजून पटत नाही.

नातेवाईक तिला एकच विचारतात, “उज्ज्वल निकम होणार का?” प्रश्न साहजिक आहे. जळगावचा, न्यायाधीशाचा मुलगा, तिथल्याच कोर्टात सरकारी वकील. मग 1993 च्या बॉम्बस्फोटांचा खटला, गुलशनकुमार, 26/11. शेजारच्या बीडमध्ये, मस्साजोगला, डिसेंबर 2024 मध्ये सरपंच संतोष देशमुखांचा खून झाला, तेव्हा गावकऱ्यांनी निकमच हवेत म्हणून आग्रह धरला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांची नेमणूक झाली. असा विश्वास कमावणं खायचं काम नाही.

पण बहिणीच्या डोक्यात बसलीय ती बिर्याणी. कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी देशभर गाजली होती. ती आपणच रचली होती, कसाबविषयी सहानुभूती तयार होत होती ती मोडायला, असं निकमांनी 2015 मध्ये जयपूरला सांगून टाकलं. मी हसलो. ती नाही हसली. “आरोपीच्या बाजूचा कागदसुद्धा कोर्टापुढं ठेवायचा असतो आम्ही. आणि कसाबच्या केसमध्ये पुरावा कमी होता का, की बिर्याणी लागावी?”

एवढ्या ढीगभर पुराव्यापुढं ती बिर्याणी मलाही आता उगाच वाटते.

सध्या ती वैतागलीय वेगळ्याच कारणानं. 1 जुलै 2024 पासून कायदेच बदलले, पाठ केलेली कलमं पुन्हा पाठ करायची. माफीच्या साक्षीदाराचं 133 आता 138 झालंय, खुनाचं 302 झालंय 103. बाबा अजून तीनशे दोनच म्हणतात, आणि ती दरवेळी दुरुस्त करते.