राजाजीनगरातून मूळ गावाकडे

बंगळूरच्या मेट्रोची हिरवी मार्गिका मॅजेस्टिकहून उत्तरेकडे निघाली की वाटेत राजाजीनगर लागते. स्थानकाचा जिना उतरला की फिल्टर कॉफीचा वास, मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या टोपल्या आणि 'ब्लॉक', 'मेन', 'क्रॉस' असे आकड्यांचे पत्ते. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी ही वसाहत आखली गेली आणि तिला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे, म्हणजे राजाजींचे नाव मिळाले. राजाजी स्वतः होसूरजवळच्या खेड्यातले, बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेले. तमिळ, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा जिथे एकमेकींच्या अंगणात येतात, तिथला तो माणूस.

या वस्तीत मराठी बोलणारी घरेही आहेत. दारात रांगोळी, देवघरात खंडोबा आणि भवानीचे टाक, स्वयंपाकघरात पुरणपोळीशेजारी बिसीबेळे भात. आजी नातवाशी मराठीत बोलते, नातू उत्तर कानडीत देतो आणि दोघांनाही त्यात काही वेगळे वाटत नाही.

अडचण येते ती लग्नाच्या बोलणीत. पुण्या-साताऱ्याकडचे पाहुणे सहज विचारतात, "तुमचे मूळ गाव कोणते?" उत्तर तयार असते, "आम्ही शहाजीराजांबरोबर आलो." पाहुणे पुढे विचारतात, "हो, पण आलात कुठून?" आणि तिथे बैठकीतले बोलणे थांबते. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आलेल्या त्या पहिल्या माणसाचे नाव घरात कुणालाच सांगता येत नाही.

सरहद्दीवरची जहागीर

शहाजीराजे भोसले या प्रांतात कसे आले, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. १६३६ मध्ये माहुलीचा किल्ला सोडल्यावर त्यांनी विजापूरच्या आदिलशहाची चाकरी पत्करली. रणदुल्लाखानाबरोबर ते कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने वसवलेले बंगळूर १६३८ मध्ये त्याच्या वंशजांकडून विजापूरकरांनी घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरा हा मुलूखही त्यांच्या ताब्यात होता.

विजापूरच्या दृष्टीने ही दक्षिणेची सरहद्द होती. पलीकडे म्हैसूरचे वडियार होते आणि अवतीभवती लहानमोठे पाळेगार. अशा जागी नुसती फौज ठेवून भागत नाही. कारकून लागतात, पुरोहित लागतात, शिंपी, सोनार, घोड्यांना नाल ठोकणारे लागतात. जहागीरदाराच्या मागून हा सारा गोतावळा आला. १६४० च्या सुमारास जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन बंगळूरला आल्या, काही काळ राहून पुण्याला परतल्या. चिकपेटेतल्या गौरीमहालात राजांचा मुक्काम असे, असे सांगतात. आज मात्र त्या महालाची जागा बोट ठेवून दाखवता येत नाही.

दरबार कसा होता, हे जयराम पिंड्ये या कवीमुळे कळते. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे. त्यात एकट्या संस्कृतने भागले नाही; मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांतली कवने त्यात आली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ छापला. बंगळूरच्या रस्त्यावर आज चार भाषा कानावर पडतात, तो प्रकार तेव्हापासूनचा म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या देशातली वसाहत

याच शतकात जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच स्थलांतर चालू होते. १६८३ मध्ये जर्मनीहून निघालेल्या कुटुंबांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसवले. पुढे १७२७ पासून पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. लिहिता न येणारे आपली खूण करीत आणि कारकून शेजारी नाव लिही. त्या याद्या जपल्या गेल्या. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, जमिनीचे करार आणि मृत्युपत्रे राहिली. म्हणूनच आजचा अमेरिकन नातू आपल्या खापरपणजोबाच्या हातची खूण पाहू शकतो.

दख्खनहून आलेल्या शिलेदाराची बंगळूरच्या वेशीवर कुणी सही घेतली नाही. तो घोड्यावरून आला, उतरला, राहिला. त्याची नोंद झालीच असेल तर ती त्याला मिळालेल्या जमिनीच्या सनदेत, त्याने देवाला दिलेल्या दानात किंवा त्याच्या घोड्याच्या हिशेबात झाली. सनद कुठल्या तरी ट्रंकेत पडून राहिली, तिला वाळवी लागली किंवा घर बदलताना ती रद्दीत गेली. उरली ती दगडावरची अक्षरे.

रानातल्या देवाचे गाव

असा एक दगडी पुरावा राजाजीनगरपासून फार दूर नाही. शेजारच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. कानडीत काडु म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम् ही उपनगरी वसली, तिचे नावही या देवावरूनच पडले. आज देवळाभोवती वर्दळीचे रस्ते आहेत, पण आवारातली झाडे पाहिली की रानाची कल्पना येते.

या देवळाशी निगडित १६६९ चा एक शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख बी. एल. राईस यांनी गावोगाव हिंडून असे शिलालेख गोळा केले आणि 'एपिग्राफिया कर्नाटिका' या ग्रंथमालेत छापले. बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ च्या सुमारास निघाला.

मराठी राजाचे दान आहे, पण देव इथला, गाव इथले. वेरूळच्या भोसल्यांचा मुलगा इथल्या देवाला गाव देतो तेव्हा तो पाहुणा राहत नाही, इथला होतो. म्हणूनच मराठी पूर्वजाचा शोध घेणाऱ्याला आधी शेजाऱ्याची लिपी वाचावी लागते. राजाजीनगरातल्या ज्या नातवाला आजी "तुला मराठी वाचता येत नाही" म्हणून रागावते, त्याला शाळेत शिकलेली कानडी या कामी उपयोगी पडणारी आहे.

भावजयीची चोळीबांगडी

पुढची कथा घराघरातल्या वाटणीसारखीच आहे. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले. व्यंकोजीराजांनी पुढे दक्षिणेत तंजावर घेतले आणि १६७६ मध्ये ते तिथल्या गादीवर बसले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले तेव्हा कोल्लिडम नदीकाठी तिरुमलवाडीला दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या मुलखातला हिस्सा महाराजांनी मागितला. बोलणी फिसकटली, लढाई झाली. शेवटी जो करार झाला त्यात बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी भावजय दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला, असे जुने कागद सांगतात. एवढे मोठे शहर चोळीबांगडीत गेले! भाऊबंदकी मिटवण्याचा हा मार्ग कोणत्याही मराठी घराला परका वाटू नये.

दूरच्या तंजावराहून बंगळूर सांभाळणे जड होते. व्यंकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारांना तीन लाखांना विकायचे ठरवले. व्यवहार चालू असतानाच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि नंतर ते म्हैसूरकरांकडे गेले. भोसल्यांचा बंगळूरवरचा ताबा असा सुमारे पन्नास वर्षांत संपला.

राज्य गेले. पण गोतावळ्यातले सगळेच परत फिरले नाहीत. कुणी व्यंकोजींबरोबर तंजावरला गेले, कुणी नव्या धन्याच्या चाकरीत शिरले, कुणी पेठेत दुकान मांडले. ज्यांची मुले इथे जन्मली होती त्यांना परत जायला गाव कोणते उरले होते?

भिंतीवरची वंशावळ

तंजावरला गेलेल्यांचे दप्तर मात्र टिकले. बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. जगातल्या लांबलचक शिलालेखांत तो गणला जातो. ज्या राजाने ही वंशावळ कोरवली, त्याचे बालपणीचे गुरू आणि पालक होते श्वार्ट्झ नावाचे जर्मन धर्मोपदेशक. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. राजवाड्याचे हिशेब, चाकरांचे पगार, दानधर्म अशा नोंदींत साध्या माणसांची नावे सापडू शकतात. अट एकच, मोडी वाचता आली पाहिजे.

कर्नल कॉलिन मॅकेंझी या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०० च्या सुमारास म्हैसूर मुलखाची मोजणी करताना गावोगावच्या कैफियती जमवल्या. चेन्नईत ठेवलेल्या त्या संग्रहात मराठी कागदही आहेत. म्हणजे बंगळूरच्या मराठी घराची कहाणी पुण्यात कमी, आणि तंजावर-चेन्नईत जास्त दडलेली असण्याचा संभव आहे.

होदिगेरेचा थांबा

कागद पाहून झाले की एकदा होदिगेरेला जावे. बंगळूरहून दावणगेरेकडे गेले की चन्नगिरीच्या बाजूला हे गाव लागते. २३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजे इथल्या रानात शिकारीला गेले असताना घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि ते पडून गेले. त्यांची समाधी इथेच आहे, साधी, डामडौल नसलेली. ज्याच्या मुलाने रायगडावर राज्याभिषेक करून घेतला, तो बाप आपल्या माणसांपासून इतक्या दूर, कानडी मुलखाच्या मातीत विसावला आहे. समाधीपुढे उभे राहिले की "मूळ गाव कोणते" या प्रश्नाची धार बोथट होते. जन्मगाव एक असते, माती दुसरी मिळते.

आधी घर, मग दप्तर

बंगळूरची सगळीच मराठी घरे शहाजीराजांच्या घोड्यामागून आली असे मुळीच नाही. कुणी पेशवाईच्या स्वाऱ्यांबरोबर आले, कुणी तंजावरहून कारकुनीसाठी वर आले, कुणी कापडाच्या धंद्यापायी. आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० मध्ये, एचएमटी १९५३ मध्ये निघाल्यावर नोकरीसाठी आलेली घरेही कमी नाहीत. चित्रपट अभिनेते रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळूरचा, आणि त्यांच्या पूर्वजांचे गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार. बसचा कंडक्टर म्हणून काम केलेल्या या माणसाला मूळ गाव सांगता येते. सरदारकीचा वारसा सांगणाऱ्या कित्येकांना येत नाही.

म्हणून शोध घ्यायचा तर सुरुवात राजापासून करू नये, घरापासून करावी. आधी आजीला बोलते करावे. कुळाचे दैवत कोणते, देवक कोणते, लग्नात कुणाच्या नावाने तळी भरतात, हे लिहून घ्यावे. गावाचे नाव विसरलेल्या घरातही देवघरातले टाक तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगतात. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई. मग त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. तिथे यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे, गाव आणि सोबत्यांची यादी पिढ्यान् पिढ्या लिहिलेली असते. त्यानंतर बंगळूरचे राज्य पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर. जुनी सनद सापडली तर ती चिकटपट्टीने जोडू नये, कोरड्या जागी कापडात ठेवावी आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवावी.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कागद दगडाइतका टिकत नाही आणि आजी कागदाइतकीही नाही. तिच्या तोंडच्या चार ओव्या, एखाद्या आडनावामागची हकीकत, "आपले लोक अमक्या नदीकाठचे" एवढे एक वाक्य, हे कुठल्याच दप्तरात मिळणार नाही.

संध्याकाळी राजाजीनगरात दिवे लागतात. एखाद्या घरात आजी देवापुढे निरांजन लावते आणि टाकांवर हळदकुंकू वाहते. नातू कानडीत विचारतो, "अज्जी, हा देव कुठला?" तिने त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून सांगावे, आणि त्याने ते लिहून घ्यावे. कानडीत लिहिले तरी चालेल. एकोजीराजांच्या दानालाही इथल्याच दगडाने जपले आहे.